लाल बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशी बीडच्या बाजारात मातीचे बैल घ्यायला थांबलो आणि नाकात स्प्रे-पेंटचा दर्प शिरला. ओळीनं मांडलेले सगळे बैल पांढरेशुभ्र, शिंगं सोनेरी. देखणे होते, नाही कशाला म्हणू? पण आमच्या दावणीला लाल कंधारी होते. गडद तांबडे, डोळ्यांभोवती काळी कड. बाजारानं सरसकट खिल्लारच उभे करावेत, याचा मला मनापासून राग येतो.

आजी बैल कोरा आणायची. गेरूत बाभळीच्या डिंकाचं पाणी घालून पातळ हात द्यायची, तो वाळला की दुसरा. मग नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटत बसायची. गेरू मातीत मुरायचा आणि खरारा केलेल्या कातडीसारखी मंद झळाळी चढायची. ऑइलपेंटला हे जमत नाही. तो वर पापुद्रा धरून बसतो, खालून ओल आली की सुटतो. डोळा सगळ्यांत शेवटी: चुन्याचा ठिपका, त्यात काजळीचा, आणि काडीच्या टोकानं भोवती ती काळी कड.

इनामगावच्या उत्खननात कच्च्या मातीचा बैल मिळाला, तीन हजार वर्षांहून जुना. सोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घातली की ती बैलावर बसते. ती काडी बेतणाऱ्या हाताबद्दल मला फार माया वाटते.

प्लॅस्टिकचे रणगाडे जोडणारे हौशी लोक रंगकाम झाल्यावर फटींत पातळ काळपट रंग सोडतात, चाकांवर खडूची पूड धूळ म्हणून लावतात. राबलेली वस्तू राबलेली दिसली पाहिजे. आजीही तेच करायची. खांदमळणीला खऱ्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून झालं की तेच बोट मातीच्या बैलाच्या मानेवर, जू बसतं तिथं, फिरवायची. गेरूवर तेवढा डाग उमटायचा.

खऱ्या खांद्यांवर मात्र घट्टे असतात. दसऱ्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी जोड्या टायरगाडीला जुंपून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पोळ्याला शिंगांना लावलेला हिंगूळ तोवर विटलेला असतो. उसानं लादलेली ती गाडी चढावर ओढताना ज्यानं पाहिली, त्याला ट्रॅक्टर आल्याचं वाईट वाटणार नाही; मला तरी वाटलं नाही. वडिलांनी आमची जोडी विकली तेव्हा उसाच्या गाडीला द्यायची नाही, एवढीच अट घातली. त्यापायी भाव पडला, तो त्यांनी पडू दिला.