कानामागून आला...

'कानामागून आली नि तिखट झाली' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी कुणावरून केली असेल ती असो. मला ती हल्ली ध्वनिवर्धकाच्या पेटीतल्या ट्वीटरवरून आठवते. १९२५ साली राइस आणि केलॉग ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी आजच्या ध्वनिवर्धकाचा नमुना जगापुढे मांडला, तेव्हा एकच पडदा सगळे स्वर गाई. पुढे कामाची वाटणी झाली. खालचे स्वर मोठ्या पडद्याकडे गेले. तो कुत्र्यासारखा भुंकतो म्हणून वूफर झाला. वरचे स्वर एका चिमुकल्या घुमटाकडे आले. तो पाखरासारखा चिवचिवतो म्हणून ट्वीटर. घरातल्या शेंडेफळासारखा हा मागून आला, आकाराने सर्वांत लहान, आणि बिघडला तर सगळ्यांत तिखट!

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून इस्लामपूरला आला तो अशा दोन पेट्या घेऊनच. आता, आवाजातला जाणता म्हणून आमच्या गल्लीत माझा थोडा लौकिक आहे. तो मला कुणी दिला हे विचारू नका. गणपतीत मंडळाची पोरे कर्णे लावतात तेव्हा मी लांब उभा राहून नापसंतीने मान हलवतो, तेवढ्यावर तो आजवर टिकून आहे. मुलाने पेट्या जोडल्या, एक ख्याल लावला. मी डोळे मिटले आणि निकाल दिला, "वा! काय गोड आवाज आहे! कुठे म्हणून बोचत नाही."

"आजोबा," दहा वर्षांची नात म्हणाली, "वरचे छोटे स्पीकर बंदच आहेत. बाबा त्यांच्या वायरी लावायला विसरलेत."

वायरी लागल्या. सौ. स्वयंपाकघरातून चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा तर समोर बसून गातोय!" मला फरक जाणवला तो आण्या-दोन आण्यांचा, तिला सबंध रुपयाचा.

मग माझी परीक्षा झाली. माणसाच्या कानाची हद्द सेकंदाला २० ते २०,००० कंपने, असे पुस्तकात असते. मुलाने फोनवर एक बारीक स्वर लावला आणि तो चढवत नेला. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा. सहा हजारांशी माझा हात खाली आला. सौ. नऊ हजारांपर्यंत टिकल्या. नात सतरा हजारांवरही हात वर करून हसत उभी! मुलगा समजुतीने म्हणाला, "बाबा, वय झालं की वरचे स्वर आधी जातात. सगळ्यांचंच होतं."

"म्हणजे वरचा मजला रिकामा, असंच ना?" मी म्हणालो. हसलो खरा, पण त्या रात्री झोप लागली नाही.

ज्याला पोहता येत नाही तोच नदीचे वर्णन बारकाईने करतो. दुसऱ्या दिवसापासून मी ट्वीटरचा अभ्यास सुरू केला. तो इतका लहान का? तर सेकंदाला दहा हजार वेळा मागेपुढे व्हायचे म्हणजे अंग हलके हवे. शिवाय दहा हजार कंपनांची लाट अवघी साडेतीन सेंटिमीटरची. आठ इंची पडदा ती सोडू लागला, तर बॅटरीच्या झोतासारखी सरळ नाकासमोर जाते. खुर्ची हातभर सरकवली की आवाज बदलतो. एक इंची घुमट तीच लाट खोलीभर पसरवतो. चांगल्या ट्वीटरची पहिली खूण हीच : तो पंक्तिप्रपंच करत नाही. मधल्या पाटावरच्याला जे वाढतो, तेच कडेच्यालाही.

दुसरी खूण सांध्याची. वूफरने कुठे थांबायचे आणि ट्वीटरने कुठून उचलायचे ती शीव बहुधा दोन-तीन हजार कंपनांच्या आसपास असते. खालचे दणकट स्वर घुमटावर आदळून त्याची तार जळू नये म्हणून वाटेत कपॅसिटरचा पहारा बसवतात. पण माणसाचा आवाज ह्याच शिवेवरून ये-जा करत असतो. भजनात टाळकऱ्याने बुवांच्या तोंडची ओळ उचलावी, तशी ही उचल बेमालूम हवी. सांधा चुकला, की गाणारा एक आणि त्याचे श्वास टाकणारा दुसराच, असे वाटू लागते.

घुमट कशाचा असावा ह्यावर मात्र शौकिनांत यादवी आहे. कुणी रेशमी कापडाचा म्हणतो, कुणी ऍल्युमिनियमचा, कुणी महागड्या बेरिलियमचा. धातू कडक असतो, पण घंटेसारखा स्वतःचा एक सूर लावून बसतो. ऍल्युमिनियमच्या इंचभर घुमटाचा तो सूर साधारण पंचवीस हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे माणसाच्या हद्दीपलीकडे. त्याबद्दल तक्रार करायची तर ती शेजारच्या मोत्याने करावी. तुम्हांआम्हांला तो अधिकार नाही. आपल्या कानाला टोचतो तो पुष्कळदा उतावळा सांधा. त्याची परीक्षा सोपी आहे. 'सांगली स्टेशनात साखर स्वस्त' असे कुणाकडून तरी म्हणवून घ्या. प्रत्येक 'स' फुत्कारला तर पेटी परत करा. 'स' हा 'स'सारखा आला, आणि ट्वीटर आहे ह्याची तुम्हांला आठवणही झाली नाही, तर तो उत्तम. ट्वीटरचे मोठेपण असे, की त्याने स्वतः घरात नसावे.

हे वाचताना मला मिरजेचा एक कारागीर आठवला. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या गायनाच्या मास्तरांबरोबर तंबोरा घेऊन मी एस. टी.ने आष्ट्यावरून सांगली आणि पुढे मिरज गाठली होती. जवारी लावून घ्यायची होती. पंढरपूरकडचे भोपळे आणून ह्या गावाने देशभराला तंबोरे पुरवले; शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून इथला हा धंदा उभा राहिला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तो म्हातारा घोडीवर कानस हलकेच फिरवी, तार छेडी, मान खाली घालून ऐके, पुन्हा एकदा फिरवी. तासाभराने मी विचारले, "झालं का?"

"तार वाजतीया, मास्तर, पर बोलंना अजून," तो म्हणाला. आणखी दोन हात मारले, तारेखालचा दोरा केसभर सरकवला, आणि एकाएकी तार बोलली. मी पुढे वाकलो तसा त्याने तंबोरा बाजूला घेतला. "बास. आता हात लावला तर बिघडंल."

तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो, ते उपस्वर उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वीणा-तंबोऱ्यांत तेच उपस्वर ठसठशीत ऐकले आणि १९२१ साली त्यावर निबंध लिहिला. करामत त्या घोडीच्या वक्र पाठीची होती. लोखंडी कानशीने माझ्या म्हाताऱ्याने तेच साधले होते. जवारी हा तंबोऱ्याचा ट्वीटरच नव्हे काय? आणि दोघांचेही मर्म, हात कुठे थांबवायचा ह्यातच आहे.

भाऊबिजेच्या सकाळी मुलाने एक जुनी कॅसेट काढली. १९८१ साली मी उसना टेपरेकॉर्डर आणून आईच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्या कॅसेटमध्ये आवाज नि जात्याची घरघर, एवढेच आहे अशी माझी समजूत. तेव्हाच्या यंत्राचा एकुलता पडदा त्याहून अधिक काही सांगतच नसे. कॅसेट सुरू झाली. मी खाली मान घालून बसलो.

"आजोबा," नात कुजबुजली, "पणजीच्या बांगड्या वाजताहेत."

मी मान वर केली. लहानपणी पहाटे मला जाग येई ती जात्याने नव्हे, त्या हिरव्या बांगड्यांनी. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला त्या एकदा किणकिणत. कान होते तेव्हा ट्वीटर नव्हता. ट्वीटर आला तेव्हा कान गेले. दात आणि चणे ह्यांची गोष्ट दुसऱ्याची म्हणून ऐकताना मोठी गमतीची वाटते!

"कुठे वाजतात? सांग बघू," मी म्हणालो. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि बांगड्या वाजल्या की माझ्या गुडघ्यावर बोटाने टिचकी मारू लागली. टिच्. थोडे थांबून, पुन्हा टिच्. जात्याचा फेरा बरोबर त्याच जागी येत होता. ओव्या संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो.

निघताना मुलाने विचारले, "बाबा, पेट्या आवडल्या ना? ट्वीटर कसा आहे?"

"उत्तम आहे," मी म्हणालो, "पण पुढच्या सुटीत हिला इकडे पाठव. साक्षीदार घरात लागतो."