परितेवाडीचा चौकोन आणि सोलापूरचा एक फोन

पौषातल्या एका रविवारी आम्ही उभयतां सोलापूरला निघालो होतो. मेहुणीकडे दोन दिवस राहायचे होते. पण वाटेत एक शाळा पाहायची, हे घरूनच ठरवले होते. म्हणून कुर्डुवाडीला गाडीतून उतरलो आणि वडापच्या जीपने माढा तालुक्यातील परितेवाडीकडे वळलो. एके काळी हा सारा दुष्काळी मुलूख. भीमेवर उजनीचे धरण झाले, कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस आला. बाकी रानात ज्वारी. आम्ही गेलो तेव्हा कणसे हुरड्यात आली होती.

शाळेला रविवारचे कुलूप होते. बाहेरून पाहिली तर आपल्या कोणत्याही वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारखीच. पण या शाळेचे नाव जगभर गेले आहे. २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी येथे रुजू झाले, तेव्हा गोठा आणि कोठार यांच्यामध्ये ही पडकी इमारत उभी होती. गुरुजींनी पुस्तकातल्या कविता व धडे ध्वनी-चित्रफितींत उतरवले आणि पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोडचे काळे-पांढरे चौकोन आणले. चौकोनावर फोन धरला की कविता ऐकू येते, गणित सोडवून दाखवले जाते. पुढे राज्याने ही कल्पना उचलली. आज बालभारतीची पुस्तके उघडा, धड्याजवळ असा चौकोन सापडतो. तो केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या ॲपमधून उघडतो. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. १४० हून अधिक देशांतील १२ हजारांवर शिक्षकांतून ही निवड झाली होती. बक्षीस १० लाख डॉलरचे. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले.

गंमत अशी, की हा चौकोन शाळेसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तो तयार झाला. कारखान्यातली खूण वाडीवरच्या पोरांच्या हाती आली, याचे आम्हाला फार कौतुक वाटले. त्याच कौतुकात आम्ही संध्याकाळी सोलापूर गाठले.

मेहुणीचे घर दोन खोल्यांचे. साडू रिक्षा चालवतात. थोरली मुलगी सातवीत, धाकटा चौथीत. भाकरी, शेंगाची चटणी खाऊन झाल्यावर आम्ही परितेवाडीची हकीगत सांगू लागलो. पोरीने पुस्तक आणून चौकोन दाखवला आणि म्हणाली, “काका, आमच्या पुस्तकात पण आहे. पण फोन पप्पांकडे असतो.”

साडू रात्री नऊनंतर घरी येतात. गिऱ्हाईक फोनवरून बोलावते, तेव्हा दिवसभर फोन रिक्षातच. रात्री आल्यावर दोन्ही पोरांत ओढाताण. पोरीला विज्ञानाचा धडा पाहायचा असतो, पोराला कविता. एवढ्यात कुणाचा तरी फोन येतो, नाहीतर दिवसाचा डेटा संपलेला असतो. मेहुणी म्हणाली, “दाजी, रिचार्ज मारावा का पोरांच्या वह्या घ्याव्या, सांगा तुम्हीच.” मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही पोरगी नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. त्या काळात रिक्षाही बंद, रिचार्जही बंद आणि शिकणेही बंद. त्या दिवसांचे कच्चेपण तिच्या वाचनात अजून जाणवते.

तेव्हा आमच्या ध्यानात आले. पुस्तकातल्या चौकोनात धडा नसतो. असतो तो फक्त धड्याचा पत्ता. पत्ता प्रत्येक पोराच्या दप्तरात पोचला, पण तिथवर जायची वाट फोन, वीज आणि पैसे यांतून जाते.

हे दुखणे आपल्याला नवीन नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, तोच ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने याच सोलापुरात आपल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सरकारी शाळेचे दार कायद्याने उघडे होते. परंतु खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा, पोटाला अन्न आणि वाचायला दिवा नसेल, तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. शंभर वर्षांनी दिव्याची जागा फोनने घेतली, एवढाच फरक.

मग करायचे काय? मेहुणीच्या वस्तीत विहार आहे. सायंकाळी वंदनेनंतर तो रिकामाच असतो. तिथे दोन फोन किंवा टॅब ठेवले आणि कॉलेजातल्या एखाद्या मुलीने तासभर लक्ष दिले, तर वीस पोरे धडे पाहू शकतील. ‘दीक्षा’वरचे धडे एकदा उतरवून ठेवले की पुन्हा डेटा लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नाही. खर्चाचे म्हणाल, तर जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढला तरी वर्षाचे रिचार्ज भागेल. एका रात्रीच्या डीजेपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल. आणि तासात मुलींचा नंबर आधी लावावा. घरात फोन एकच असला की तो आधी मुलाच्या हाती जातो, हे आपण आपल्याच घरात पाहतो.

साडूंना हे पटले. विहाराच्या मंडळींशी बोलतो म्हणाले. परतीच्या गाडीत आमच्या सौभाग्यवतींना आठवण झाली, की आपला जुना फोन कपाटात तसाच पडून आहे. घरी पोचल्यावर आम्ही तो चार्ज करून पाहिला. चालतो आहे. सोलापूरला जाणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती पाठवून दिला.

वाचकहो, तुम्हीही आपले कपाट एकदा उघडून पाहा.