दोन क्रेडिटांचा शेजार

भाऊबीज होऊन चार दिवस झाले असतील. घरात फराळाच्या डब्यांत आता चुराच उरला होता. अशा एका संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी काखेत पुठ्ठा आणि त्याला चिमट्याने लावलेले छापील कागद घेऊन दारात उभी राहिली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली होती.

"सर, माझ्याबरोबर कोप्यांवर चलता का? एकटीला भीती वाटते."

गावाबाहेरच्या माळावर ऊसतोड मजुरांची टोळी उतरली होती. या मजुरांशी बोलायचे, त्यांची माहिती घ्यायची आणि जमल्यास काही उपयोगी पडायचे, असा म्हणे तिला आता अभ्यासक्रमच होता. नव्या शैक्षणिक धोरणात 'समाज सहभाग' नावाचा विषय आला आहे. त्याला दोन क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे तीस तास, दोन म्हणजे साठ. मला मोठी मौज वाटली. मी मॅट्रिक झालेला आणि चित्रकलेची पदविका घेतलेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, पण कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. साठ तासांत शेजाऱ्याची ओळख होते हे मला नवीन होते. माझ्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याशी माझी वीस वर्षांत झालेली नाही.

पण थट्टा पुरे. कल्पना काही वाईट नव्हती. 1969 साली, गांधीशताब्दीत, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून कॉलेजची पोरे घमेली घेऊन रस्ते करीत आली. मात्र त्या रस्त्याने कोण जाते-येते, हे त्यांना कुणी विचारायला लावले नव्हते.

कोप्या म्हणजे बांबूच्या कांबी वाकवून त्यांवर पाचट आणि ताडपत्री टाकून केलेली खोपटी. वाकून आत शिरायचे, वाकूनच बाहेर यायचे. माणसे बीड जिल्ह्यातली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, घराला कुलूप लावायचे आणि हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परमुलखात ऊस तोडायचा. नवराबायको मिळून एक 'कोयता'. एकटा असेल तर अर्धा. माणसाला हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत त्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की एक बाई सहज म्हणाली, "आमी दोन कोयतं हाओत, मी-मालक आन् दीर-जाऊ."

मुलीने पहिला प्रश्न वाचला. घरात शौचालय आहे काय?

बाई हसली. "घरी हाय की. हितं न्हाई."

मुलगी अडली. कागदावर घर एकच धरले होते. यांची दोन, एक कुलपातले आणि एक पाचटाचे. तिने माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार?

औंधात राहून मला हे कळायला हवे होते. या गावाने बाहेरचा माणूस पाहिला नाही असे नाही. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा यंत्रज्ञ इथे येऊन राहिला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 च्या जानेवारीत प्रजेच्या हाती राज्य दिले, त्या घटनेमागे गांधीजींच्या बरोबरीने त्याचीही खटपट होती. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत त्याच्याच डोक्यातून निघाली; तिच्यावरून पुढे 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट झाला. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तर 1943 ते 1948 पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते. हे सारे मी वर्गात रंगवून सांगतो. परदेशातून आलेला पाहुणा सांगायला सोपा असतो. बीडहून आलेला पाहुणा माझ्याच वर्गात तीन महिने बसून गेला होता, त्याच्याविषयी मी चकार शब्द कधी काढला नव्हता.

ते असे झाले. आम्ही कोपीपुढे बसलो असता दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वाढ्यांचा भारा घेऊन आला. मला पाहताच भारा तिथेच टाकून तो उसात पसार झाला. आई म्हणाली, "तुमच्याच साळंत व्हता गुरुजी, मागल्या साली. औंदा जात न्हाई म्हणतुया."

मग मला आठवले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा मुलांना वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावे लागते. आम्ही घेतले होते. शेवटच्या बाकावर बसवले होते. चाचणीत मी 'माझे घर' हा विषय दिला. सगळ्यांनी दोन डोंगर, मधून सूर्य आणि कौलारू घर काढले. या मुलाने एक ट्रॉली काढली. तिच्यावर बोचकी, हंडा, खुराडे आणि सगळ्यांत वर एक बाई. मी खाली लाल शाईने लिहिले, 'विषय समजला नाही'. दहापैकी दोन.

वाईट याचे वाटले की मला तरी समजायला हवे होते. माझे वडील खटाव तालुक्यातल्या हजारो माणसांसारखेच दुष्काळाला कंटाळून मुंबईच्या गिरणीत गेलेले. गिरणगावातल्या एका गाळ्यात पाळीपाळीने वीस माणसे निजत, त्यांतले ते एक. 1982 च्या संपानंतर आम्ही गावी परतलो. मी चार वर्षांचा होतो. चुलत्यांच्या पडवीत आम्ही राहिलो आणि शाळेत माझे नाव 'मुंबईवाला' पडले. मीही तेव्हा घर काढायला सांगितले की दोन डोंगर आणि कौलारू घरच काढीत असे. मला दहापैकी आठ मिळत.

दुसऱ्या खेपेला बाईनेच मुलीला विचारले, "तुला ह्याचं काय मिळणार गं?"

"मार्क."

"आन् आमाला?"

मुलगी गप्प झाली. परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही. मला वाटले, संपले हिचे समाजकार्य. पण तिसऱ्या दिवशी ती छापील कागद न घेता एक शंभर पानी वही घेऊन गेली. उसाची प्रत्येक खेप कारखान्याच्या काट्यावर वजन होते, त्याची पावती मिळते. पावती मुकादमाकडे, हिशेबही मुकादमाकडे. बायांनी तो कधी वाचला नव्हता. मुलीने रेघा मारून दिल्या: तारीख, खेप, टन. रोज संध्याकाळी ड्रायव्हरकडून पावती बघून घ्यायची आणि आकडा लिहायचा. पहिले आठ दिवस तिने लिहिले, पुढे जाऊबाई लिहू लागली. आकडे तिला येत होते, अक्षरे कमी.

पंधरवड्याच्या हिशेबात दोन खेपा कमी भरल्या. वही पुढे केल्यावर मुकादम जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग "राहून गेलं असंल" म्हणाला आणि दोन्ही खेपा मांडल्या. मुद्दाम केले की चुकून, ते तोच जाणे. त्याच्याही डोक्यावर वरच्या उचलीचे ओझे होते. मुलगी मात्र त्या दिवशी घरी येऊन माझ्या बायकोकडे तीन कप चहा प्याली.

मी एक रंगपेटी विकत घेतली होती. ती घेऊन चार वेळा गेलो. मुलगा भेटला नाही. म्हणजे भेटे तो, पण माझी सायकल दिसेपर्यंतच. त्याचे ते चित्र जुन्या गठ्ठ्यात शोधले. उन्हाळ्यात सगळे रद्दीत गेले होते. मुलीशी त्याची गट्टी होती. वहीची उरलेली पाने त्याने तिच्याकडूनच मागून घेतली.

मार्चमध्ये टोळी निघाली. साठ तास केव्हाच उलटून गेले होते. अहवालात 'समाजाला झालेला लाभ' असे एक सदर होते. तिथे काय लिहू, म्हणून तिने मला विचारले. मी म्हटले, "दोन खेपा लिही." तिने खरोखरच तसे लिहिले. ट्रॉली बाजारपेठेतून गेली तेव्हा बाईने वरूनच हात जोडले, "येतो गुरुजी." मुलगा बोचक्यांच्या पलीकडच्या अंगाला तोंड करून बसला होता.

यंदा तिचा तो विषय संपला आहे, तिसऱ्या वर्षाला दुसरेच काही आहे. तरी दिवाळीचा फराळ घेऊन ती आली आणि टोळी केव्हा येणार, म्हणून तिने माझ्यासमोरच त्या जाऊबाईला फोन लावला. औंदा मुकादम बदलला, ते कर्नाटकात चालले आहेत. वही बरोबर घेतली का, असे हिने विचारले. घेतली होती. रंगपेटी माझ्या कपाटावर आहे.