हाकेला ओ देण्याचा खर्च

संकटात सापडलेल्या माणसाची हाक योग्य ठिकाणी पोहोचविणाऱ्या यंत्रणांच्या उभारणीत ज्याची हयात गेली, अशा माझ्यासारख्याला एक गोष्ट नेहमी खटकते: जीविताच्या रक्षणाशी सर्वाधिक निगडित असलेली रक्कमच नागरिकाकडून सर्वांत कमी खुलासा देऊन वसूल केली जाते.

नवी मुंबईतील खारघरात या प्रश्नाला विशेष धार आहे. खारघर ज्या पनवेल महानगरपालिकेत मोडते, ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली आणि पुढे तिने स्थापनेपासूनचा मालमत्ता कर पूर्वलक्षी प्रभावाने मागितला, तेव्हा त्याच मुदतीत सिडको या नगरनियोजन महामंडळाला सेवाशुल्क भरत आलेल्या रहिवाशांनी दुहेरी आकारणीची तक्रार केली व वाद उच्च न्यायालयात गेला. संमती न घेता, सेवेचा हिशेब न दाखविता मागितलेला पैसा, तो कायदेशीर असला तरी, लोकांना जुलमाचाच वाटतो.

येथील रहिवासी ११२ फिरवितो तेव्हा त्याची हाक महाप्याच्या नियंत्रण कक्षात जाते व तेथून नवी मुंबई पोलिसांच्या वाहनाकडे वळते. १०८ ची रुग्णवाहिका, २०१४ पासून, निराळ्याच राज्यव्यापी व्यवस्थेतून निघते. अग्निशमनाचा बंब स्थानिक. संकट एक आणि खजिने अनेक! ११२ च्या उभारणीस केंद्राच्या निर्भया निधीचा आधार मिळाला. परंतु रात्रपाळीचे प्रशिक्षित कर्मचारी, बिनतारी संचांची देखभाल, सेक्टर व इमारतींचे अद्ययावत नकाशे, पांडवकडा धबधब्यासारख्या डोंगराआडच्या जागी क्षीण होणाऱ्या लहरींसाठी जादा प्रक्षेपक, हा खर्च दरसाल उभा राहतो, आणि उद्घाटनाच्या फलकावर त्याचे नाव कधीच नसते.

असा खर्च भागविण्याची एक निराळी रीत अमेरिकेत आढळते. तेथील वॉशिंग्टन राज्यात काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, आपत्कालीन संदेशवहनासाठी विक्रीकरात शेकडा दोन दशांशांपर्यंत भर घालता येते. मात्र मतदारांनी मतपत्रिकेवर रुकार दिला तरच, आणि ती रक्कम त्याच कामी लावण्याच्या अटीवर. आपल्याकडे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत महापालिकेच्या सभागृहाने ठरवावयाचे. पण २०२२ मध्ये पनवेलच्या पहिल्या सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा ही अप्रत्यक्ष संमतीही उरली नाही.

लोकमताची ही रीत आपल्याला परकी मानण्याचे कारण नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीवर मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रातच आहे, आणि दारूमुक्तीची मागणी खारघरकरांनी वर्षानुवर्षे चिकाटीने लावून धरलेली आहे. अर्थात, मूळ सेवा मतदानावर टांगती ठेवणे मला मान्य नाही. गरिबाचा जीव बहुमताच्या मर्जीवर सोडता येत नाही. मूळ सेवा सर्वसाधारण महसुलातूनच चालावी. वाढीव सोयींसाठी स्वतंत्र अधिभार, त्याचे स्वतंत्र खाते, आणि आरंभी प्रभागाचा कौल, इतकेच माझे म्हणणे आहे.

कायदा बदलण्यास अवधी लागेल. हिशेब मागण्यास लागत नाही. खारघरच्या गृहनिर्माण संस्थांनी येत्या अंदाजपत्रकापूर्वी अग्निशमन व आपत्कालीन संदेशवहनावरील जमाखर्च महापालिकेकडे लेखी मागावा.