तेलात विरघळलेले बावीस रुपये

लातूर, 12 जून 2025

चि. मृण्मयी,

न्यू जर्सीहून पाठवलेला बिलाचा फोटो पोचला. वस्तूंच्या किमतीखाली आयात शुल्काची वेगळी ओळ! आपल्याकडे अशी ओळ का नसते, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने गेल्या गणपतीतच देऊन ठेवलंय, रद्दीच्या कागदावर, पेन्सिलीने.

14 सप्टेंबर 2024 पासून केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं. उपकर-अधिभार धरून साडेपाचचे साडेसत्तावीस झाले. तेलाची पिशवी लगेच महागली आणि एक बाई दुकानात तणतणत आल्या.

दुकानदाराने कागद पुढे ओढला. बंदरावर उतरलेलं तेल शंभर रुपयांचं धरा. आधी त्यावर साडेपाच रुपये होते, आता साडेसत्तावीस. फरक बावीसचा, त्या बावीसावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 1 रुपया 10 पैसे. ‘‘बिलावर जीएसटी दिसतो, ताई. हे बावीस तेलातच विरघळून येतात.’’

‘‘पण हे तेल तर आधीच आलेलं!’’

बाईंचा मुद्दा बिनतोड होता. कमी शुल्कात आलेलं सुमारे 30 लाख टन तेल देशात शिल्लक आहे, 45-50 दिवस पुरेल, तोवर छापील किंमत वाढवू नका, असं सरकारनेही कंपन्यांना सांगितलं. भाव चढायचा तो चढलाच. दुकानदाराचं म्हणणं असं, की पुढचा माल नव्या भावाने भरायचा, तर जुना जुन्या भावात विकून भांडवल कुठून आणू? बरोबर आहे. मग परवा, 30 मेला, मूळ शुल्क 10 टक्क्यांवर उतरलं, तेव्हा त्याच न्यायाने भाव त्याच दिवशी उतरायला हवा होता. तर म्हणे, ‘‘जुना माल महागाचा पडलाय!’’

गंमत म्हणजे त्या बाईंची औशाला सोयाबीनची शेती आहे. शुल्क वाढवलं ते अशा शेतकऱ्यांसाठीच. हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल. त्या हंगामात बाजारात मात्र सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं. तेल महागाचं घेतलं, सोयाबीन स्वस्तात दिलं.

तुमच्याकडे तर न लावलेलं शुल्कही गिऱ्हाइकाने भरलंय. 2018 मध्ये आयात वॉशिंग मशीनवर शुल्क बसलं. अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा मशीन साधारण 12 टक्क्यांनी महागलेलं निघालं. आणि कपडे वाळवायचा ड्रायरही जवळपास तेवढाच, ज्यावर शुल्कच नव्हतं! दोन्ही जोडीने विकतात ना.

यंदा एप्रिलमध्ये, अ‍ॅमेझॉन किमतीशेजारी शुल्काचा आकडा दाखवणार, अशी नुसती बातमी आली, तर व्हाइट हाउसने त्याला शत्रुत्वाचं, राजकीय कृत्य ठरवलं. कंपनीने त्याच दिवशी खुलासा केला, की तो विचार फक्त स्वस्त मालाच्या विभागापुरता होता आणि तसं काही होणार नाही. एका ओळीचा केवढा धसका!

तुझा फोटो दुकानदाराला दाखवला. बोटांनी मोठा करून त्याने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘‘शुल्क उतरल्यावर ही ओळ खोडतात का?’’ तेवढं कळव.

तुझी,
आत्या