एकवीस दिवसांचा हिशेब

मला नवव्या वर्षी सांध्यांचा ताप आला. आधी घोटे सुजले, मग गुडघे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि आईला म्हणाले, हृदयाच्या झडपेचा आवाज येतोय. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, पंचविशीपर्यंत. आणि पोराने धावायचं नाही.

ते इंजेक्शन ज्याने घेतलंय त्यालाच ठाऊक. बाटलीत पांढरी भुकटी. त्यात पाणी सोडून नर्सबाई ती तळव्यांत घोळवायच्या. औषध दुधासारखं दाट व्हायचं आणि जरा उशीर झाला की सुईतच अडकायचं. मग दुसरी सुई. परतीच्या एस्टीत मी एका कुल्ल्यावर बसायचो आणि आई खिडकीबाहेर बघत राहायची.

पुढे मी बँकेत चिकटलो, कर्जाच्या टेबलावर. पिंजऱ्यातल्या मारामारीशी माझा काय संबंध? पण भाचा सुट्टीत आला की मोबाइलवर यूएफसीच्या लढतीच लावतो. त्यानेच एकदा सहज सांगितलं, ‘मामा, ह्याला लहानपणी तुझाच आजार होता.’ मी चष्मा पुसून आलो.

तो म्हणजे चार्ल्स ऑलिव्हेरा. जन्म 1989, गाव ब्राझीलमधलं ग्वारुजा. एका अंगाला श्रीमंतांचे समुद्रकिनारे, दुसऱ्या अंगाला सांतोस बंदराकडे तोंड करून असलेली व्हिसेंते दि कार्व्हालोची गरीब वस्ती. चार्ल्स तिथला. सातव्या वर्षी संधिवाताचा ताप, हृदयात आवाज. पोरगा चालेल की नाही, इथवर डॉक्टरांचं बोलणं गेलं. बाराव्या वर्षी तो जिउ-जित्सू शिकू लागला. 2010 मध्ये, विशीत, यूएफसीतली पहिली लढत त्याने 41 सेकंदांत संपवली.

त्यानंतरची वर्षं मात्र चढउतारांची. जिंकायचा, हरायचा, वजनात चुकायचा. पुष्कळांनी त्याला मोडीत काढलं होतं. मला तीच वर्षं जवळची वाटतात. आमच्या टेबलावर अशी खाती रोज येतात.

त्याच्याकडे किती पैसा, हा भाच्याचा आवडता प्रश्न. नेटवर दर वेळी वेगळा आकडा, आणि माझा एकावरही विश्वास नाही. मानधनाचे करार बंद पाकिटातले. बऱ्याच जणांचा करार असा, की लढल्याचे इतके आणि जिंकल्याचे वर तेवढेच. म्हणजे हरला की निम्मे गेले. उरलेल्यातून प्रशिक्षक, मॅनेजर, कर. उघड असतो तो उत्तम लढतीचा बोनस, बरीच वर्षं 50,000 डॉलर. आणि असे बोनस सर्वांत जास्त वेळा घेण्याचा विक्रम ह्याच माणसाच्या नावावर. यूएफसी कंपनी लढवय्यांना कमी पैसे देते, म्हणून त्यांच्यातल्याच काहींनी कोर्टात दावा लावला. 2010 ते 2017 मध्ये लढलेल्यांसाठी 37.5 कोटी डॉलरची तडजोड 2025 मध्ये मंजूर झाली. त्यांना पैसा मिळाला, पण भांडून.

मे 2021. लॉकडाऊनमुळे मी गावी, वेंगुर्ल्याच्या बाजूला, आईजवळ अडकलो होतो. ह्यूस्टनला चार्ल्सची मायकेल चँडलरशी अजिंक्यपदाच्या पट्ट्याची लढत आणि आमच्याकडे त्याच रविवारी तौक्ते वादळ. माड आडवे, लाइट गुल. लढत मी काही दिवसांनी, लाइट आल्यावर पाहिली. निकाल माहीत असूनही पहिल्या फेरीत घाम फुटला, इतका त्याने मार खाल्ला. दुसरी फेरी सुरू होऊन 19 सेकंद झाले आणि चँडलर संपला. यूएफसीतली 28वी लढत. पट्ट्यासाठी इतकी वाट आधी कुणी पाहिली नव्हती. चार्ल्स पिंजऱ्यावरून उडी मारून बाहेर धावत सुटला. तो धावला ते मी तीनदा मागे नेऊन पाहिलं.

पुढच्याच मे महिन्यात फीनिक्सला वजनात अर्धा पौंड जास्त भरला. अर्धा पौंड म्हणजे पाव किलोसुद्धा नाही, आमच्याकडे एवढ्यावर कुणी तराजू परत बघत नाही. पट्टा गेला. दुसऱ्या दिवशी त्याने जस्टिन गेथ्जीचा गळा पहिल्याच फेरीत आवळला. जिंकला, पण पट्टा नाही.

त्याच्या आईबापांनी पोराच्या स्पर्धांसाठी भंगार-पुठ्ठा विकल्याचं भाच्याने सांगितलं आणि मी गप्प झालो. आयुष्यभर लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासली, आणि घरचं खातं कधी उघडलंच नव्हतं. ते उघडायला लावलं, हे त्या परक्या माणसाचं माझ्यावर ऋण.

आई तेव्हा काजूच्या कारखान्यात जायची. इंजेक्शनच्या दिवशी खाडा, खाड्याची मजुरी नाही, वर एस्टीचं दोघांचं तिकीट. पंधराव्या वर्षापासून मी एकटा जाऊ लागलो, म्हणजे तिची सहा वर्षं. कॅल्क्युलेटरवर मांडलं. ती मागीलदारी आमसुलं उलटीपालटी करत होती.

‘आई, माझ्यापायी तुझे 104 खाडे झाले.’

‘ता कित्याक इचारतंस आता?’ तिने हात थांबवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘दोनदा डॉक्टर गावलोच नाय. दुसऱ्या दिवशी परत गेलंव.’

मी 106 केलं.