सोळापैकी चौदा

मे संपता संपता आमच्या ऑफिसात एक पेनड्राइव्ह आला. सह्याद्रीतल्या एका वाडीच्या डोक्यावरच्या डोंगराचा लायडार सर्व्हे, सोळा फाइली, डोंगराचे सोळा चौकोनी तुकडे. ड्रोन वरून लेझरचे झोत सोडतो, ते परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो, आणि जमीन, झाड, कौल जे लागेल त्याचा एकेक बिंदू नोंदवतो. मे महिन्यात आपल्याकडची बरीच झाडं निष्पर्ण असतात, त्यामुळे झोत जमिनीपर्यंत जास्त पोचतात. माझं काम होतं पायथनमध्ये फाइली उघडायच्या, त्यातले जमिनीचे बिंदू निवडायचे (त्यांचा वर्ग-क्रमांक २) आणि उताराचा नकाशा करायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट हवा होता. एकदा ढग उतरले की ऑक्टोबरपर्यंत ड्रोन उडत नाही.

पहिलीच फाइल उघडेना. लॅस्पाय नावाची लायब्ररी म्हणाली, लॅझ बॅकएंड निवडलेला नाही, डेटा उलगडता येत नाही. हे दुखणं सगळ्यांना होतं. लॅस हा मूळ फॉरमॅट, लॅझ हे त्याचं दाबून लहान केलेलं रूप. ते दाबायची युक्ती मार्टिन आयझेनबर्ग या जर्मन माणसानं लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली केली. २०२१ मध्ये तो गेला. लॅस्पाय एकटी फक्त लॅस वाचते. लॅझसाठी लॅझआरएस किंवा लॅसझिप वेगळं बसवावं लागतं. मी बसवलं. तरी तीच एरर. तासाभरानं कळलं की मी ते एका पायथनमध्ये बसवलंय आणि प्रोग्राम चालवतेय दुसऱ्याच. (हसू नका. तुमच्याही लॅपटॉपवर तीन पायथन असतील.)

मग मेमरी संपली. त्यासाठी फाइल एकदम न घेता दहा-दहा लाख बिंदूंच्या घासांनी वाचायची. ते लवकर जमलं.

रात्रीचे अकरा वाजले होते. प्रोग्राम सातव्या फाइलीवर पुन्हा थांबला आणि मी ते केलं, जे करू नये हे मला कॉलेजपासून माहीत आहे. ट्राय लिहिलं, खाली एक्सेप्ट, खाली कंटिन्यू. म्हणजे फाइल उघडली तर ठीक, नाहीतर पुढे चल, बोलू नकोस. प्रोग्राम गप्प झाला. सकाळी नकाशा तयार होता. सुंदर होता. सरांनी बघून मान डोलावली.

मला खटकला तो एक पिवळा पट्टा. वाडीच्या बरोबर वर, एकसारखा, मध्यम उतार. मी तिथे गेले होते. सर्व्हेच्या दिवशी ग्राउंड पॉइंट मोजायला वर चढताना गवत धरून, हात टेकत चढले होते. सोबत वाडीतली एक मावशी होती. तिला धापसुद्धा लागली नव्हती. तिनं काठीनं जमिनीतली एक भेग दाखवली होती. "मागल्या पावसानंतर दिसाया लागली. माझ्या गुडघ्याएवढी पायरी झालीया बघ." नकाशात ना चढण, ना भेग.

कारण तिथे बिंदूच नव्हते. प्रोग्रामनं कडेच्या उंचींवरून मधली उंची अंदाजानं भरली होती, आणि अंदाज नेहमी गुळगुळीतच असतो.

३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, तेव्हा बाहेर पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या रस्त्यानं बस घेऊन आला आणि गाव दिसेना. दीडशेहून जास्त माणसं गेली. त्या सकाळी खुर्चीत बसून मला तो ड्रायव्हरच आठवत होता. त्याला निदान काहीतरी नाही हे दिसलं. मी तर ते भरून टाकलं होतं.

कंटिन्यू काढलं. दोन फाइली गळल्या होत्या. सातवी चक्क फाइल नव्हतीच. खऱ्या लॅस-लॅझ फाइलीची सुरुवात एल-ए-एस-एफ या चार अक्षरांनी होते. ही नोटपॅडमध्ये उघडली तर एचटीएमएल. कुणीतरी लिंकवरून डाउनलोड करताना लॉगिनचं पान उतरवून त्यालाच लॅझ नाव दिलं होतं. आकार चार केबी. ती दहा मिनिटांत परत मिळाली.

अकरावी अर्धवट कॉपी झालेली होती. हेडर धडधाकट, त्यात लिहिलेलं, बिंदू दोन कोटींच्या वर. पण लॅझमध्ये बिंदू गठ्ठ्यांनी बांधतात आणि कुठला गठ्ठा कुठे सुरू होतो याची यादी शेवटी असते. शेपूट तुटलं की यादीच गेली. तीच पिवळ्या पट्ट्याची फाइल.

ड्रोनवाल्या मुलाला फोन लावला. तो विदर्भात दुसऱ्या कामावर. "मॅडम, कार्ड तर फॉरमॅट केलं." मी काहीच बोलले नाही. मग तोच म्हणाला, "थांबा, हार्ड डिस्क घरी आहे, भावाला सांगतो." भावाला फाइल शोधायला दुपार लागली आणि चढवायला रात्र. आमच्या कॉपीचा आकार ८६ एमबी होता, त्याच्याकडचीचा १३१. मी आधी आकार बघितला, मग हेडरमधला आकडा आणि वाचलेले बिंदू जुळवले, मगच चहा घेतला.

नवीन नकाशात पट्टा लाल झाला. छायांकन लावल्यावर त्यात एक बारीक आडवी रेघ दिसली, पायरीसारखी. मावशीनं काठीनं दाखवली तेवढा भाग तिच्या एका टोकाला होता. बाकीची रेघ झाडीखालून पुढे गेली होती.

रिपोर्ट दोन दिवस उशिरा गेला. आधीचा नकाशा चुकीचा होता, हे सरांना मीच सांगितलं; ते बराच वेळ काही बोलले नाहीत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मावशीला फोन केला. पाऊस धरला होता. वरच्या पाच घरांनी रात्री शाळेत झोपायचं ठरवलंय, म्हणाली. फोन ठेवून मी शाळा कुठल्या फाइलीत येते ते शोधलं. तिसऱ्या. उघडली, आणि बिंदू परत मोजले.